वॉल्टर साहेबाचं आडनाव

वॉल्टर साहेबाला मी नऊ वर्षं जेवायला घातलं. नऊ वर्षांत त्याने माझ्या वरणाला एकदाही नाव ठेवलं नाही आणि एकदाही चांगलं म्हटलं नाही. त्याला जेवणात रसच नव्हता. त्याला रस होता तो त्याच्या आडनावात.

आडनाव होतं ॲपलगार्थ. मी चौथी शिकलेली बाई, पण हे आडनाव मी अजूनही न चुकता इंग्रजीत लिहिते, कारण त्याने ते माझ्याकडून घोटून घेतलं होतं. मी तेव्हा चार-पाच जणांना डबे द्यायचे, म्हणून पहिल्या दिवशी त्याच्याही डब्यावर चिठ्ठी चिकटवली आणि मला जमेल तसं नाव लिहिलं. डबा न उघडता परत आला. चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली होती आणि खाली पाच कोऱ्या ओळी आखल्या होत्या, म्हणजे पाच वेळा लिहा. मी पाच वेळा लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी डबाच पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः जेवायला आला आणि आमच्या ओसरीवरच बसायला लागला.

आम्ही तेव्हा आलापल्लीला राहत होतो. आमचे हे सागाच्या डेपोत हातोडीवाले होते. तोडून आलेल्या प्रत्येक लाकडाच्या बुडाला लोखंडी हातोड्याने शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. साहेब त्याच डेपोतून रिटायर झालेला आणि आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलेला. बायको लवकर मेली होती, मूलबाळ नव्हतं. रंगाने तो इंग्रजासारखा गोरा नव्हता आणि आमच्यासारखा काळाही नव्हता. डोळे मात्र मांजराचे. उन्हाळ्यात, जेव्हा आलापल्लीत कुत्री नालीत जाऊन झोपतात, तेव्हाही तो पायात मोजे घालायचा. जन्म बल्लारशाचा, त्यामुळे बोलायचा आमच्यासारखंच. इंग्रजी तो फक्त पोस्टमास्तरशी आणि स्वतःच्या कुत्र्याशी बोलायचा. त्या दोघांनाही ते कळत नव्हतं.

त्याचं रेशनकार्ड आलं तेव्हा कारकुनाने आडनावातलं एक अक्षर गाळलं होतं. साहेबाने कार्ड घेतलंच नाही.

कारकून म्हणाला, "साखर तं तेच भेटंल ना साहेब."

साहेब म्हणाला, "साखर भेटंल त्या माणसाले. तो माणूस मी नाई."

आठ महिने त्या दुसऱ्या माणसाची साखर दुकानात पडून राहिली आणि साहेब माझ्या डब्यातली साखर चहात घालत राहिला. शेवटी मी म्हटलं, "साहेब, त्या दुसऱ्या माणसाले एकदा जेवाले बोलवा. त्याची साखर खाऊन राह्यलो आपण, त्याची ओळख तं पाहिजे." तो रागावून उठून गेला. पण त्या आठवड्यात कार्ड घेऊन आला.

त्याच्याकडे एक लोखंडी पेटी होती. तिच्यात कपडे नव्हते, सगळे कागद होते. दुपारी जेवण झालं की पेटी ओसरीवर यायची. बापाचा रेल्वेतला कागद, आजोबाचा लाकूड नेण्याचा पास, चुलत्याच्या कबरीवरचा दगड कागद ठेवून काळ्या पेन्सिलीने घासून घेतलेला. प्रत्येक ठिकाणी आडनाव वेगळं. कुठे एक अक्षर कमी, कुठे शेपूट तुटलेलं, कुठे शेवटी गार्थच्या जागी गेट. एकाच घरची चार माणसं आणि त्यांची पाच आडनावं. हे कसं झालं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "लिहिणारे गाढव होते."

मग तो इंग्लंडातल्या चर्चना पत्रं लिहायचा. उत्तर यायला दोन-तीन महिने लागायचे. मध्येच चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि आम्ही गडचिरोलीत गेलो. गावातल्या लोकांना त्याचं काही नव्हतं, साहेबाला मात्र फार त्रास झाला. ज्या ज्या पाद्र्याला पत्र गेलं होतं त्या प्रत्येकाला त्याने कळवलं, की मी हललो नाही, जिल्हा हलला आहे.

एका पाद्र्याचं उत्तर आलं आणि साहेब दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेले तेव्हा त्याने सांगितलं. तिथल्या जुन्या वहीत एकाच माणसाचं आडनाव बारशाला एक, लग्नाला दुसरं आणि मरणाला तिसरं लिहिलेलं निघालं होतं. पाद्र्याचं म्हणणं होतं की त्या काळी कोणाला लिहिता येत नव्हतं, लिहिणाऱ्याच्या मनाला येईल ते खरं. आमचे हे ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, लाकडाले शिक्का बसला का झालं. आता त्याचं काय घेऊन बसता." साहेब म्हणाला, "मी लाकूड होय का रे?" आणि भात कालवायला लागला. जेवला हे चांगलं झालं.

त्याच पत्रात आडनावाचा अर्थही आला होता. सफरचंदाच्या बागेला कुंपण घातलेली जागा, तिथे राहणारे ते ॲपलगार्थ. साहेब तेवढ्यासाठी बसने चंद्रपूरला गेला आणि एक सफरचंद घेऊन आला. तेव्हा सफरचंद दवाखान्यातल्या पेशंटला न्यायचं फळ होतं, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांनी विचारलं की कोण आजारी आहे. साहेबाने ओसरीवर बसून त्याच्या अकरा फोडी केल्या आणि एकेकाच्या हातावर एकेक ठेवली. म्हणाला, "खाऊन पाहा. हे आमचं घराणं." शेजारची बाई म्हणाली, "पिठूर लागते साहेब." खरंच पिठूर होतं. बसमध्ये उकडलं असेल.

आणि मग त्या बाईचं पत्र आलं. एडिथ नावाची, इंग्लंडात राहणारी, तिचंही आडनाव तेच, फक्त गेटवालं. ती म्हातारपणी एक पुस्तक काढत होती. जगात या आडनावाची, कोणत्याही अक्षरांनी लिहिलेली, जेवढी माणसं झाली त्या सगळ्यांची नावं त्यात येणार होती. साहेबाने ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. शेवटी मी म्हटलं, भाजी करपून राह्यली.

त्याने आपल्या घराची सगळी माहिती पाठवली. बाईने उत्तर दिलं, की आमच्या कागदांप्रमाणे तुमचा आजोबा हिंदुस्थानात जंगलात तापाने वारला आणि त्याचं लग्न झालं नव्हतं. झालं असेल तर बायकोचं नाव कळवा, लग्न कुठे झालं ते कळवा. साहेबाने कळवलं, आजी गोव्याची पोर्तुगीज होती. हे तो सगळ्यांना सांगायचा. मलाही सांगितलं होतं. मी काही बोलले नव्हते. त्याच्या कपाळाची आणि नाकाची माणसं मी आलापल्लीच्या बाजारात दर आठवड्याला मोह विकताना पाहत होते, गोव्याचं मात्र मी कोणी पाहिलं नव्हतं.

एडिथबाई भारी चिकट. तिने गोव्यातल्या चर्चना पत्रं लिहिली. तिथे असं कोणतंही लग्न सापडलं नाही. शेवटचं पत्र आलं ते मोह संपता संपता. पावसाळ्याच्या आत पुस्तक छापायला जाणार, तोवर आजीचं नाव आणि लग्नाचा पुरावा आला नाही तर तुमची शाखा मला गाळावी लागेल.

साहेब पत्राची घडी करत बसला. म्हणाला, "म्हणजे पुस्तकाच्या हिशोबानं माझा बाप जन्मलाच नाई. मंग मी कुठून आलो?"

मी म्हटलं, "आजीचं नाव लिहून टाका ना. कोण होती ते तुम्हाले माहीत असंलच."

"गोव्याची होती."

"नाव काय?"

त्याने घडी केलेलं पत्र पुन्हा उघडलं. तीस वर्षं एका नावातली अक्षरं मोजणाऱ्या या माणसाला आजीचं नावच माहीत नव्हतं.

आता डोलूबद्दल सांगते. डोलू मडावी हा येरमेटोल्याचा म्हातारा. येरमेटोला म्हणजे मुलचेऱ्याकडे जंगलातलं वीस-पंचवीस घरांचं गोंडांचं गाव. दर वर्षी मोह वेचून झाले की डोलू आणि त्याच्या घरची चार-पाच माणसं साहेबाकडे यायची. चारोळी आणायची, मध आणायची, कधी कोंबडी आणायची. येऊन ओळीने साहेबाच्या पाया पडायची. तेवढ्या एका दिवशी साहेब मोजे काढून ठेवायचा. खुर्चीत टेकून पाय पुढे लांब करायचा आणि डोळे मिटायचा. मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "पाहा बाई. इंग्रज गेला तरी या लोकांनी मान सोडली नाई."

त्या वर्षीही ते आले. पत्र येऊन आठवडा झाला होता. साहेबाने उदास तोंडाने मोजे काढले. डोलू वाकून बाजूला बसला, मागून त्याचा मधला भाऊ वाकला. तेवढ्यात रस्त्याने आमचा रेंजर गेला. डोलूने बसल्या जागेवरून त्याला हात जोडले, तेवढेच. मला इतकी वर्षं ते खुपत होतं, त्या दिवशी विचारलं.

"डोलूभाऊ, रेंजरच्या पाया नाई पडत तुम्ही. डीएफओ येते त्याच्या नाई पडत. याच्याच काऊन पडता? हा तं रिटायर झाला."

डोलू माझ्याकडे बघतच राहिला. "तो रेंजर आमचा कोण लागते? हा भाचा हाये."

"कोणाचा भाचा?"

"आमच्या गावाचा. याची आजी आमच्या घरची पोरगी. तिचा पोरगा भाचा, अन् पोराचा पोरगाही भाचाच. भाच्याच्या पाया पडाच लागते ना बाई. तुमच्यात नाई पडत का?"

आमच्यातही पडतात. माझा सख्खा भाऊ, मिशीवाला, पोलीसपाटील, माझ्या शेंबड्या पोराच्या पाया पडत असे. आमच्या भागात मामाने भाच्याच्या पाया पडायचं ही रीतच आहे. आणि तरी नऊ वर्षं हे माझ्या डोळ्यांपुढे होत होतं आणि मला सुचलं नव्हतं. साहेबाला कसं सुचणार. त्याला कोणी मामा नव्हताच.

साहेबाचे पाय अजून लांबच होते. त्याने ते हळूहळू ओढून खुर्चीखाली घेतले आणि मोजे शोधायला लागला. डोलूचा धाकटा भाऊ म्हणाला, "थांब ना भाचा, माझं राह्यलं." आणि खुर्चीखाली हात घालून त्याने पाय बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, तुले मराठी लिहिता येते. मले बोलता येते, लिहिता येत नाई. येरमेटोल्याले चाल. आणि तुझ्या नवऱ्याले सांग, डेपोतली अंगठ्याची शाई घेऊन ये."

आम्ही तिघं बसने गेलो आणि पुढे दोन कोस पायी. गावात डोलूच्या अंगणात बाज टाकली होती. माणसं जमली. साहेबाने घसा साफ करून विचारलं, माझ्या आजीचं नाव काय होतं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. डोलू म्हणाला, "तुले आजीचं नाव माहीत नाई? एवढी शाळा शिकला?"

डोलूची आत्या होती, सनको नावाची. दात नव्हते, कान मात्र शाबूत. ती भिंतीला टेकून चुट्टा ओढत होती. ती म्हणाली, "मैनी."

साहेबाने वहीत लिहिलं नाही. म्हणाला, "मले एक म्हातारी आठवते. मोह भाजून तोंडात घाले. माझा बाप सांगे, ते आया होती."

सनको म्हणाली, "तुझा बाप बारका होता तवा तिच्याच पाठीवर राहे. मंग मोठा झाला, बूट आले." आणि चुट्टा ओढत राहिली.

मग आमचे हे म्हणाले, "चला, कागद करून घेऊ." त्यांना बस चुकण्याची काळजी होती.

लग्नाचा पुरावा लिहायचा होता. साहेबाने विचारलं, लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, कोणी लावलं. सनको म्हणाली, "कुठी म्हणजे? याच अंगणात. तीन पावसाळे राबला तवा पोरगी देली."

"कोण राबला?"

"तुझा आजा. त्याच्याजवळ द्याले गायी-बैल नव्हते. घरजावई राह्यला. शेण काढलं, धान कापलं, नांगर धरला."

साहेब बाजेवर सरळ बसला. "माझा आजोबा लाकडाचा मोठा ठेकेदार होता. त्याच्या हाताखाली दोनशे माणसं होते."

"असंल," सनको म्हणाली. "नांगर वाकडा धरे. माझी माय सांगे, त्याचा तास कधी सरळ गेलाच नाई. सासरा मागून शिव्या दे आणि हा समोरून मान हालवे."

अंगणातली सगळी माणसं हसली. मी साहेबाकडे बघितलं. मला वाटलं हा आता उठून चालायला लागणार. पण तो विचारत होता, "कोणतं वावर?" डोलूने हात करून दाखवलं. तळ्याच्या पलीकडे एक उतरतं वावर होतं. साहेब ते बघत राहिला.

मी लिहायला बसले. डोलू म्हणाला, "पहिले आमचे देव किती ते लिही, त्यावरून कूळ कळते." साहेब म्हणाला, इंग्लंडात देव किती हे विचारत नाहीत. डोलूला ते पटेना. "मंग ते लोकं लग्न कशे जमवते? भाऊ कोण अन् सोयरा कोण, कशावरून ओळखते?" साहेबाने मला लिही अशी खूण केली. देव कागदाच्या माथ्यावर लिहिले. जावयाचं आडनाव विचारलं तर कोणाला सांगता येईना. सनको म्हणाली, "आडनाव कशाले? जावई म्हणो."

कागद मला अजून पाठ आहे. आम्ही खाली अंगठे करणारे येरमेटोल्याचे रहिवासी लिहून देतो की, गोऱ्या साहेबाने आमच्या घरी तीन पावसाळे काम करून आमची मुलगी मैनी हिच्याशी रीतीने लग्न केले. हळद लागली. बकरा कापला. जेवणात मीठ कमी पडले. सदर मैनीचा नातू वॉल्टर हा आमचा भाचा आहे, यात खोटे नाही.

मिठाचं वाक्य सनकोचं. साहेबाने ते काढायला सांगितलं, नांगराचं तर लिहूच दिलं नव्हतं. सनको म्हणाली, मीठ काढलं तर मी अंगठा देणार नाही, माझी माय मरेपर्यंत ते सांगत होती. बावीस अंगठे लागले. मीठ राहिलं.

साहेबाने कागदाचं इंग्रजी केलं, मूळ कागद सोबत लावला आणि पाठवून दिला. त्यानंतर तो नीट जेवेना. पोस्टमन दिसला की ताटावरून उठायचा. मी म्हटलं, "साहेब, नाई छापलं तं नाई छापलं. पोट भरते ना." तो म्हणाला, "बाई, आता माझं एकट्याचं नाई राह्यलं ते. बावीस लोकांनी अंगठे देले."

पुस्तक आलं ते हिवाळ्यात, धान निघाल्यावर. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. साहेबाने ओसरीवर बसून पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. आजोबा, त्याची बायको मैनी, येरमेटोला. मग बाप. मग वॉल्टर. खाली बारीक अक्षरांत अंगठ्यांचा कागद अख्खा छापला होता, मिठासकट. आडनावाचं एक अक्षर छापणाऱ्याने चुकवलं होतं. ते मलाही दिसलं. मी वाट बघितली. साहेबाने लाल पेन्सिल काढली नाही.

पुढच्या आठवड्यात तो पुस्तक घेऊन येरमेटोल्याला निघाला. मला चारोळी हवी होती म्हणून मीही सोबत गेले. पुस्तक अंगणात हातोहात फिरलं. कोणाला वाचता येत नव्हतं, पण पान न पान उलटून झालं. मग डोलूने विचारलं, "यात आमचे नावं कुठी हाये?"

साहेबाने समजावलं, की हे त्या आडनावाचं पुस्तक आहे, बायकोकडची माणसं त्यात घेत नाहीत.

"मामा नाई?" डोलू म्हणाला.

"मामा नाई."

"लग्नाचं पुस्तक अन् त्यात मामा नाई? मंग हळद कोणं लावली? पोरीले मांडवात कोणं आणलं?" तो सगळ्यांकडे वळून गोंडीत काही बोलला आणि सगळे माना हलवायला लागले. त्या एडिथबाईला अक्कल नाही, एवढं मला न सांगता कळलं.

साहेबाने थोडा वेळ पुस्तक मांडीवर धरलं. मग खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "सांगा."

मैनीचा मोठा भाऊ. त्याचे पोरं. डोलूचा बाप. सनको म्हणाली, माझा पोरगा वारला, त्याचंही लिही. एक बाई म्हणाली, माझ्या सुना दोन, दोघींचे लिही, नाहीतर भांडण होईल. साहेब लिहीत होता. अक्षर कसं, कोणतं, हे त्याने कोणाला एकदाही विचारलं नाही. मी चारोळीची पुरचुंडी बांधली आणि म्हटलं, "साहेब, बस जाईल." त्याने वर न बघता हाताने मला जा म्हटलं.

नंतर महिन्याभरात आमचे हे रिटायर झाले आणि आम्ही पोंभुर्ण्याला सासरच्या घरी गेलो. साहेब तोवर येरमेटोल्यालाच होता, त्यामुळे त्याची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. मी त्याला शेवटचं पाहिलं त्या दिवशी तो बाजेवर बसला होता, पायात मोजे नव्हते, पानाच्या कडेची कोरी जागा संपली होती म्हणून त्याने पुस्तक आडवं धरलं होतं, आणि समोर अजून सात-आठ माणसं आपलं नाव सांगायला उभी होती.